स्क्रीन आपल्याकडे वळवा : मेळघाटातल्या गावात कॉम्प्युटर वर्ग चालवायचा तर

तालुक्याच्या सेवा केंद्रात कधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. स्क्रीनचं तोंड आत बसलेल्या पोराकडे असतं. काउंटरबाहेरच्या बाईला दिसते ती स्क्रीनची पाठ, लोंबणाऱ्या वायरी आणि वर चिकटवलेला गणपतीचा स्टिकर. तो विचारतो, ती सांगते, तो टाइप करतो. 'बेठेकर'चं 'बेटेकर' झालेलं तिला कळत नाही. कळतं ते सहा-आठ महिन्यांनी. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, म्हणून पैसे अडकतात आणि ती पुन्हा त्याच काउंटरपुढे येऊन उभी राहते.

मेळघाटातल्या, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या गावांत काही वर्षं कॉम्प्युटरचे वर्ग घेतल्यावर माझ्यापुरतं एक उद्दिष्ट पक्कं झालं. शिकून गेलेल्या माणसाला त्या काउंटरवर 'भाऊ, स्क्रीन जरा इकडे वळवा' म्हणता यावं आणि वळवल्यावर त्यावरचं वाचता यावं. सर्टिफिकेट, टायपिंगचा वेग, नोकरी हे सगळं नंतरचं. हा लेख त्या बेताने लिहिला आहे. गावात वर्ग सुरू करायचं मनात असलेला शिक्षक, संस्थेचा कार्यकर्ता, बारावी झालेली गावातली मुलगी, किंवा 'आमच्या ऑफिसचे दहा लॅपटॉप पडलेत, कुणाला देऊ?' असं विचारणारे पुण्या-मुंबईचे मित्र, यांच्यासाठी.

पहिला महिना : मशीन न नेता जा

पहिली चूक बहुतेक जण हीच करतात. आधी लॅपटॉप गोळा होतात, मग त्यांच्यासाठी गाव शोधलं जातं. आम्हीही तेच केलं होतं. गाडीतून खोकी उतरवली, नारळ फोडला, फोटो काढले. तिसऱ्या आठवड्यात वर्गात चार पोरं उरली आणि तीही गेम खेळायला.

आता आम्ही आधी नुसते जातो, वही घेऊन. मेळघाटातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आढ्याला किंवा खुंटीला एक प्लास्टिकची थैली टांगलेली असते. आधार, रेशनकार्ड, पासबुक, जॉबकार्ड, जातीचा दाखला, पोराची मार्कशीट, सगळं तिच्यात. ती थैली मोकळी करून बसायचं आणि विचारायचं, यातला कोणता कागद अडलाय? वीस-पंचवीस घरं झाली की गावाची दुखणी समोर येतात. कुणाचं नाव चुकलंय, कुणाची जन्मतारीख सगळीकडे १ जानेवारी आहे, कुणाच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडून तीन वर्षं झालीत. ही यादी म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम.

त्याच फेरीत आणखी दोन नोंदी करा. कोणत्या घरात कोणता फोन आहे आणि तो दिवसा कुणाच्या खिशात असतो. आणि नेटवर्क नेमकं कुठे मिळतं. प्रत्येक गावात एक टेकाड, एक झाड किंवा शाळेचा एक कोपरा असा असतोच, जिथे पोरं हात वर करून उभी असतात. तिथली रेंज सकाळी, दुपारी, संध्याकाळी तपासा. कुठल्या कंपनीचं सिम तिथे चालतं तेही लिहा. पुढे फार उपयोगी पडतं.

'सरकारने शिकवलंय की आधीच,' असं कुणी तरी म्हणेलच. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ ते मार्च २०२४ चाललं. घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, २० तासांचं प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. ज्याने आधी फोन तरी हाताळलाय त्याला २० तास पुरतात. ज्याने आयुष्यात कधी बटण दाबलेलं नाही त्याचे २० तास माउस धरण्यातच जातात, असा माझा अनुभव. एमएस-सीआयटी २००१ पासून आहे आणि कोर्स म्हणून चांगलाच आहे. पण तो करायला रोज तालुक्याला जायला हवं, आणि एसटी दिवसातून एकदाच येत असेल तर ते होत नाही.

वेळापत्रक : माणसं असतात तेव्हा ऊन नसतं

या भागातलं सगळ्यात अवघड गणित हेच. दिवाळीनंतर माणसं कामाला बाहेर पडतात. परतवाडा, अमरावती, अकोला, कुणी वीटभट्टीवर, कुणी हरभरा कापायला. होळी हा कोरकूंचा, म्हणजे इथल्या आदिवासींचा, सगळ्यात मोठा सण, त्याला सगळे परततात. होळीनंतर मोहफूल वेचणं, मग तेंदूपत्ता, आणि जून लागला की पेरणी. घरात माणूस सलग सापडतो तो पेरणी आटोपल्यावर, जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. नेमक्या त्याच दिवसांत मेळघाटात धो-धो पाऊस असतो, वीज जाते, सोलर पॅनल ढगाखाली आणि रस्ता नाल्याखाली.

त्यामुळे सहा महिन्यांचा सलग कोर्स इथे चालत नाही. आम्ही तुकडे करतो. पावसाळ्यात सहा आठवडे, रोज दोन तास, हा मुख्य वर्ग. होळीनंतर दहा दिवसांची उजळणी, तीही दुपारी, कारण मोहफूल पहाटे वेचतात. हिवाळ्यात मागे राहणाऱ्यांसाठी, म्हणजे आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या सचिव आणि शाळकरी मुलांसाठी वेगळा वर्ग. बाजाराच्या दिवशी सुट्टी. गावात मयत झाली तर त्या दिवशी वर्ग उघडूसुद्धा नका.

बायकांची वेळ बायकांनाच विचारा. आम्ही संध्याकाळी ६ ठरवली होती, ती आमच्या सोयीची होती. त्या म्हणाल्या, तेव्हा चूल पेटवायची असते. दुपारी १ ते ३ ठरल्यावर हजेरी दुप्पट झाली.

जागा आणि ठराव

कुणाच्या घरात वर्ग ठेवू नका, घर कितीही मोठं असो. पुढच्या निवडणुकीत ते घर एका बाजूचं ठरतं आणि दुसऱ्या बाजूची माणसं यायची थांबतात. समाजमंदिर, शाळेची रिकामी खोली किंवा ग्रामपंचायतीची इमारत यांतलं एक घ्या. ग्रामसभेत विषय मांडा, ठराव लिहून घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यातच : किल्ली कुणाकडे, वीजबिल कोण भरणार, आणि मशीन कुणाच्या मालकीची. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे पेसाचा, म्हणजे अशा आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याचा, ५ टक्के अबंध निधी ग्रामसभेच्या कोषात येतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. टेबल-खुर्च्यांपेक्षा तो सोलर आणि वायरिंगला मागा.

टेबल-खुर्च्यांवरून आठवलं, त्या घेऊच नका. मांडी घालून तासन् तास बसणारी माणसं खुर्चीत अवघडून बसतात, पाय लोंबकळतात. आम्ही सुताराकडून वीतभरापेक्षा थोडे उंच, लांबट चौरंग करून घेतले. एकावर दोन लॅपटॉप मावतात. स्वस्त पडले, आणि वर्ग संपला की भिंतीला टेकवून ठेवता येतात.

छत गळतंय का ते पहिल्या पावसात स्वतः उभं राहून बघा. आणि उंदीर. वायरी पीव्हीसी पाइपातून न्या, लॅपटॉप पत्र्याच्या पेटीत ठेवा. हा सल्ला आम्हाला आधी कुणी दिला असता तर दोन चार्जर वाचले असते.

मशीन आणि वीज

एका लॅपटॉपवर दोघी, यापेक्षा जास्त नको. तिसरी नुसती बघत बसते आणि आठवड्याने यायची बंद होते. म्हणजे बारा जणींच्या तुकडीला सहा लॅपटॉप.

डेस्कटॉप फुकट मिळाला तरी विचार करून घ्या. मॉनिटरसकट एक डेस्कटॉप १२० ते १५० वॉट खातो. सहा मशीन तीन तास चालवल्या की दोन-अडीच युनिट गेले. तेच सहा लॅपटॉप सरासरी ४० वॉटने तीन तास चालवले तर ७२० वॉट-तास. दिवा आणि इतर किरकोळ धरून आठशेच्या वर, इन्व्हर्टरमधली गळती धरली की साधारण एक युनिट. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १८०० वॉट-तास मावतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणून हाती येतात ९०० धरा. ३३० वॉटची दोन पॅनल उन्हाळ्यात हे सगळं भरून वर उरवतात. पावसाळ्यात मात्र उन्हाळ्याच्या चौथाई वीज धरूनच चाला. म्हणून वर्ग दोन तासांचा, आणि लाइट असेल तेव्हा लॅपटॉप आधीच भरून ठेवायचे. हाच लॅपटॉपचा मोठा फायदा, पोटात स्वतःची बॅटरी असते. जुने लॅपटॉप घेताना म्हणूनच बॅटरी किमान दीड तास टिकते का ते चालवून बघा. देणारा 'चालू आहे हो' म्हणतो, ते चार्जर लावून.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मदत, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा, थांबली. विंडोज ११ ज्यांवर चढत नाही असे धडधाकट लॅपटॉप ऑफिसांतून निघू लागले. तुमच्यासाठी ही पर्वणीच. ८ जीबी रॅम असलेले निवडा, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट चढवा. फुकट आहे, व्हायरसची कटकट कमी, आणि लिहायला-हिशोबाला सोबत येणारं लिब्रे-ऑफिस मराठीतून वापरता येतं. 'पण बाहेर सगळीकडे विंडोज असतं ना?' हा प्रश्न येईल. ज्याला फाइल म्हणजे काय ते समजलं, त्याला दुसऱ्या मशीनवर बटणाची जागा शोधायला अर्धा दिवस पुरतो.

माउस मात्र प्रत्येक लॅपटॉपला वेगळा लावा. लॅपटॉपच्या टचपॅडवर राबलेल्या हातांची बोटं ओळखली जात नाहीत. कातडी जाड आणि कोरडी असते. नवख्या माणसाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

शिकवणारी गावातलीच हवी

मी बाहेरचा. मला कोरकू तुटकतुटक येते. मी वर्गात बोललो की सगळ्या माना डोलावतात, आणि मी बाहेर गेलो की आपसात विचारतात, 'काय म्हणाला?' हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

प्रत्येक गावातून दोन जणी निवडा. दोनच का, तर एकीचं लग्न होतं, बाळंतपण येतं, दुसरीकडे काम लागतं. निवडताना हुशार पोरावर सगळ्यांची नजर जाते. त्याला निवडू नका. तो पोलीस भरतीला किंवा पुण्याला कंपनीत जाणार, आणि त्याने जायलाच हवं. बारावीपर्यंत शिकलेली, गावात नांदायला आलेली सून शोधा. ती इथेच राहणार आहे, तिला घरातल्या बायकांची भाषा येते, आणि 'मॅडम' म्हणवून घ्यायची हौस तिला कुणी कधी पुरवलेली नसते. सासूला आधी विचारा. सासूच वर्गात बसली तर सोन्याहून पिवळं.

२०१५ मध्ये गूगल आणि टाटा ट्रस्टने सुरू केलेल्या 'इंटरनेट साथी' उपक्रमातही हीच कल्पना होती. गावातल्याच बाईला शिकवायचं, मग ती सायकलवर टॅब घेऊन आसपासच्या वस्त्यांत फिरणार. त्यातली सायकल मेळघाटच्या चढावर चालत नाही, बाकी कल्पना शंभर टक्के बरोबर.

शिकवणाऱ्यांना आधी तीन आठवडे शिकवा आणि मानधन द्या. 'सेवाभाव' हा शब्द वापरून फुकट राबवू नका. ती त्या दोन तासांत मजुरीला गेली असती हे लक्षात ठेवा.

पहिले चार दिवस : हात मागे

शिकवणाऱ्याचे दोन्ही हात पाठीमागे, हा आमच्या वर्गाचा एकमेव कडक नियम. समोरची बाई अडली की आपला हात आपोआप माउसकडे जातो, 'थांब, मी दाखवतो' म्हणत. तिथेच ती शिकायची थांबते. तोंडाने सांगा, फार तर बोट दाखवा.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगतो. साठीच्या एका आजींनी माउस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा स्क्रीनवर रोखला. दुसरीने माउस चौरंगाच्या कडेपर्यंत नेला, बाण अजून मधेच, आता पुढे जागा नाही, म्हणून ती माउससकट उठून सरकली. माउस उचलून परत मधे ठेवायचा, बाण हलत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं होतं का ते आठवत नाही. इथे ते शिकवावं लागतं. आणि एक जण वैतागून म्हणाली, 'सर, हा उंदीर पळून राहिला ना!' वर्ग जो हसला, त्यानंतर भीती निम्मी झाली.

आधी तीन गोष्टी करून ठेवा. बाण मोठा करा, माउसचा वेग कमी करा, डबल-क्लिकला लागणारा वेळ वाढवा. तिन्ही सेटिंगमध्ये मिळतात, पाच मिनिटांचं काम. नाही केलं तर पहिला आठवडा वाया.

सरावाला 'टक्स पेंट' हा चित्र काढायचा प्रोग्राम लावा. लहान मुलांचा आहे, असं सांगायची गरज नाही. आमच्याकडे बायका त्यावर होळीसाठी भिंतीवर काढतात तशी नक्षी काढत बसतात, आणि दोन दिवसांत माउस हातात बसतो. लहान मुलांना मात्र या वेळेत आत घेऊ नका. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रांनी भिंतीत बसवलेल्या कॉम्प्युटरवर वस्तीतली मुलं आपली आपण शिकली, हे खरंच. मुलं शिकतातच. पण नातू शेजारी असला की आजीच्या हातातला माउस दुसऱ्या मिनिटाला त्याच्या हातात असतो.

फोल्डर समजावताना फाइल-कपाटाचा दाखला देऊ नका, ते कपाट इथे कुणी पाहिलेलं नसतं. थैली सांगा. फोल्डर म्हणजे थैली, फाइल म्हणजे तिच्यातला कागद. थैलीत थैली ठेवता येते. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीने आपल्या नावाची थैली करायची.

मराठी टायपिंग : 'काका'पासून

इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सोय शहरात लोकप्रिय आहे. ज्याला इंग्रजी अक्षरंच येत नाहीत त्याला ती दुहेरी शिक्षा. इनस्क्रिप्ट शिकवा. कीबोर्डची ही सरकारमान्य मांडणी १९८६ पासून आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असते, आणि तिची रचना आपल्या बाराखडीसारखी आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. क, ग, त, द, प, ब यांच्यावर शिफ्ट दाबली की ख, घ, थ, ध, फ, भ. ज्यांनी शाळेत बाराखडी घोकली त्यांच्या हे चटकन डोक्यात बसतं. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावा.

सगळा कीबोर्ड एकदम दाखवू नका. पहिल्या दिवशी दोनच कळा : 'के' वर क आणि 'ई' वर काना. झाला 'काका'. त्याला 'एल' वरचा त जोडला की 'ताक'. 'व्ही' वरचा न आणि 'बी' वरचा व आला की 'नाव'. 'सी' वरचा म, 'जे' वरचा र, मग 'मका', 'रान', 'मामा'. चौथ्या दिवशी 'डी' वरचं हलन्त, म्हणजे जोडाक्षर : प, त, हलन्त, त, काना, झाला 'पत्ता'.

एक अडचण हमखास येते. 'किती' लिहिताना हाताने आपण वेलांटी क भोवती आधीच फिरवतो, कीबोर्डवर मात्र आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. ज्यांचं अक्षर सुंदर आहे त्यांना हे जास्त खटकतं. बोलतो त्या क्रमाने दाबायचं, असं सांगितलं की सुटतं.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येकीने स्वतःचं पूर्ण नाव आधारवर आहे तसं टाइप करायचं. खाली पासबुकावर आहे तसं. मग दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघायच्या. काही जणींना आपल्या नावातला फरक पहिल्यांदा इथे दिसतो.

पुढचे आठवडे : सॉफ्टवेअर नको, काम शिकवा

'आज आपण स्प्रेडशीट शिकू' असं म्हटलं की डोळे पेंगायला लागतात. 'आज गटाचा हिशोब करू' म्हटलं की रजिस्टर येतं. अर्ज लिहायचा तर हातपंप दुरुस्तीचा खराखुरा अर्ज ग्रामसेवकाला लिहा, छापा, सही करा, पोच घ्या. पोच मिळालेला अर्ज वर्गाच्या भिंतीवर लावा.

हिशोबाची एक गोष्ट. दहा जणींचा गट, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. कॉम्प्युटरने बेरीज दाखवली ९००. गटाच्या अध्यक्ष, ज्यांना सहीपलीकडे लिहिता येत नाही, त्या म्हणाल्या, चूक आहे. शिकवणारी म्हणाली, 'मावशी, मशीन चुकत नाही.' मावशींनी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं, हजार. मग शोध सुरू झाला. सातव्या ओळीत शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडला होता. मशीनला तो आकडा वाटलाच नाही, म्हणून त्याने ती ओळ गुपचूप सोडून दिली. त्यानंतर मी प्रत्येक तुकडीत मुद्दाम असा एक 'ओ' टाकून ठेवतो. मशीनवर शंका घ्यायला शिकवणारा याहून चांगला धडा मला सापडलेला नाही.

नंतर ऑनलाइन कामं घ्या. 'महाभूमी'वरचा सातबारा बघणं आणि १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढणं, ई-पीक पाहणी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, कागद ठेवायला डिजिलॉकर. प्रत्येक गोष्ट आधी कागदावर छापलेल्या फॉर्मवर पेनाने भरून घ्या. तारांकित रकाना कशाला म्हणतात, 'पुढे'चं बटण कुठे असतं, फोटो किती केबीचा लागतो, हे सगळं नेटवर्क नसताना शिकवता येतं.

खरा अडसर ओटीपीचा. बाई वर्गात, फॉर्म भरून तयार, आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर. नवरा अकोल्याला भट्टीवर, फोन बंद. म्हणून पहिल्या महिन्यात केलेली मोबाइल नंबरांची यादी काढा, आणि ज्यांचे नंबर बंद आहेत त्यांना आधी आधार केंद्रावर नेऊन नंबर बदलून आणा. जीप करून पंधरा जणी एकदम. हे काम अभ्यासक्रमात कुणी लिहिलेलं नसतं, पण याच्याशिवाय पुढचा अभ्यासक्रम हलत नाही.

नेट नसताना

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर मिळतो, ५ ते १० वॉटवर चालतो. त्यावर 'कोलिब्री' टाकलं की इंटरनेटशिवाय आसपासच्या लॅपटॉप-मोबाइलना वायफायवरून धडे आणि व्हिडिओ मिळतात. 'किविक्स'वर मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे मराठीतले छोटे व्हिडिओही तालुक्याला जाऊन पेन ड्राइव्हवर आणा. त्यांची पद्धत छान आहे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आपण तेच करून बघायचं, अडलं की व्हिडिओ थांबवायचा. ऑनलाइन कामांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवा, आणि त्या दिवशी वर्ग रेंजच्या टेकाडावर भरवा.

अंगठा आणि ओटीपी

फसवणुकीचा धडा शेवटी ठेवू नका, दुसऱ्या आठवड्यातच घ्या. इथे लिंकवर क्लिक करून फसणारे कमी, अंगठा देऊन फसणारे जास्त. आधारवर पैसे काढताना 'उमटला नाही, पुन्हा लावा' म्हणतात आणि दोनदा पैसे निघतात. व्यवहार फसला तरी त्याची पावती निघते. ती प्रत्येक वेळी मागायची आणि आपल्या डोळ्यांनी वाचायची : तारीख, रक्कम, शिल्लक. आम्ही जुन्या पावत्या गोळा करून वर्गात वाचून घेतो. वापर नसेल तेव्हा आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतात, तेही करून दाखवा. पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन, उद्या नाही. हा आकडा दारावर रंगाने लिहा.

वर्गाचे लॅपटॉप सामायिक असतात. म्हणून पासवर्ड 'लक्षात ठेवू का?' असं मशीनने विचारलं की उत्तर कायम 'नको'. उठताना लॉग-आउट. कुणाच्या आधारची प्रत मशीनवर राहिली तर शिकवणारीने संध्याकाळी पुसायची.

तुम्ही निघाल्यावर

वर्ग तगतो तो प्रिंटरवर. झेरॉक्ससाठी तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि मजुरीचा दिवस जातो. गावातच पाच रुपयांना प्रत मिळाली तर लोक आनंदाने देतात, आणि त्यातून वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती निघते. कागदाचे गठ्ठे पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीतच ठेवा, नाहीतर ओल धरून प्रिंटरमध्ये अडकतात. दराची पाटी लावा आणि जमाखर्च ग्रामसंघाच्या बैठकीत वाचा.

परीक्षा आम्ही केंद्रावरच घेतो. चौघी-पाच जणी मिळून तालुक्याच्या काउंटरवर जातात, खरं काम घेऊन. एकदा आतल्या पोराने कपाळाला आठ्या घातल्या, 'तुम्हाला काय समजणार त्यातलं?' मागच्या आजी पुढे सरकल्या. 'वळव तर खरं.' त्याने मॉनिटर फिरवला. आजींनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं आणि म्हणाल्या, 'याच्यात ठ पाहिजे. शिफ्ट दाब.'

वर्षभराने त्या गावी पुन्हा गेलो. सहापैकी चार लॅपटॉप चालू होते. शिकवणाऱ्या दोघींपैकी एक आशा म्हणून लागली होती, तिच्या जागी तिची जाऊ वर्ग घेत होती, बाळ मांडीवर. रजिस्टरात प्रिंटचे पैसे लिहिलेले होते, मधे दोन महिने कोरे, होळीच्या आसपासचे. एक चार्जर मेला होता. वायर पाइपाबाहेर राहिली होती, तिथे उंदरांनी कुरतडली होती.